पेनड्राइव्ह न ओळखणारा संगणक

नोकरीतली बरीच प्रकरणे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीत कोण सापडला, कोणत्या पंचाने ऐन वेळी साक्ष फिरवली, नीट सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र वेगळे राहिले आहे. जव्हारच्या बाजारातल्या एका फोटो स्टुडिओतला संगणक पेनड्राइव्ह ओळखत नव्हता, आणि त्यापायी एक मुलगी कुठे आहे याचा आम्हाला पत्ता लागत नव्हता. ती घटना विसरावी असे मला बरेचदा वाटले. जमले नाही.

नावे लिहीत नाही. त्यातली काही माणसे अजून त्याच भागात राहतात, आणि त्या मुलीचा आता संसार आहे.

तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. मी मोखाड्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गुन्हे थोडे आणि पायपीट फार, अशी ती हद्द. ठाण्यात नुकताच संगणक आला होता. आमचे हवालदार रोज सकाळी त्याच्यावरून फडके फिरवत, त्याला प्लास्टिकचे आवरण घालत आणि सगळे लिखाण पुन्हा हातानेच करत. पेनड्राइव्ह ही वस्तू मी माझ्या मुलीकडे पाहिली होती. ती कॉलेजात होती. सुट्टीत घरी आली की आमच्या घरच्या संगणकाला तिचा पेनड्राइव्ह दिसायचा नाही, आणि मग आम्ही बापलेक तो मागच्या खाचेत, पुढच्या खाचेत लावून बघत बसायचो. संगणकाबद्दल माझे शिक्षण एवढेच.

वैशाखातली सकाळ होती. मी जीपमधून उतरलो तेव्हा पायरीवर एक बाई बसली होती. कडेवर तान्हे मूल. ठाणे अंमलदाराला विचारले तर तो म्हणाला, "हरवल्याची तक्रार आहे साहेब, लिहून घेतो." त्याच्या स्वरावरून कळत होते की ती बाई बराच वेळ बसलेली आहे.

मी तिला आत बोलावले. खुर्चीवर बसायला ती तयार होईना, भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

"कोण हरवलं, ताई?"

"बहीण. धाकली."

माहेर सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर, सासर पोशेऱ्याला. आईबाप गेलेले. धाकटी बहीण हिच्याकडेच राहायची. होळी झाल्यावर एक माणूस गावात आला. पांढरा शर्ट, गोड बोलणे, पोरांना बिस्किटे वाटणारा. मुंबईकडे चांगल्या घरात घरकाम आहे, जेवण-कपडे तिथेच, दर आठवड्याला फोन करू देतात, असे त्याने सांगितले. मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली. नाक्यावरच्या फोनवर तिचा एकदा फोन आला. त्यानंतर काही नाही. त्या माणसाने दिलेला नंबर लागत नव्हता.

"फोनवर काय बोलली?"

तिने मूल दुसऱ्या मांडीवर घेतले. "रडली नाय. रडली असती तर बरं झालं असतं. मला ईचारलं, आपल्याकडं आता दिवस हाय का रात हाय?"

अंमलदाराने लिहायचे थांबवून वर पाहिले.

शाळेच्या दाखल्याप्रमाणे मुलगी सज्ञान व्हायला काही महिने बाकी होते. म्हणून मी नुसती हरवल्याची नोंद न करता अपहरणाचा गुन्हा दाखल करायला सांगितले. हा फरक कागदावर लहान दिसतो. हरवलेल्या माणसाची वाट बघतात, पळवून नेलेल्याचा शोध घ्यावा लागतो.

बहिणीजवळ मुलीचा एक फोटो होता. पासपोर्ट आकाराचा, निळ्या पडद्यापुढे काढलेला. मुलीच्या खांद्यावर हिरवी, जरीची बारीक किनार असलेली ओढणी होती.

"ही ओढणी तिची?"

"नाय. असली आमच्यात कोन घेतंय? फोटो त्या मानसानंच काढवला, जव्हारला. तिला दोन मिळालं, एक माझ्याजवळ ठेवून गेली."

जव्हार दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथे रीतसर कळवून मी एका हवालदाराला फोटो देऊन बाजारात पाठवले. तो स्टुडिओ-स्टुडिओ फिरला. कोणीही ओळख दाखवली नाही. अशा वेळी माणसे बहुतेक खोटे बोलत नसतात, ती फक्त लांब राहतात. पोलिसाने दाखवलेला फोटो कोणाला आपला वाटत नाही.

दोन-तीन दिवसांनी मी स्वतः, हवालदारांना बरोबर घेऊन, साध्या कपड्यात गेलो. फोटोवाल्यांकडे जायच्या ऐवजी कापडवाल्यांकडे आणि शिंप्यांकडे गेलो, कारण माझ्या डोक्यात ती ओढणी होती. बाजाराच्या टोकाला एक म्हातारे शिंपी होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. तीन पिढ्या जव्हारात शिवणकाम करणारे घर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ये किनार मैंने लगाया है, साहब. बाजूच्या स्टुडिओवाल्याची ओढणी आहे ही. गावातल्या बायका फोटोला येतात, अंगावर साधं लुगडं असतं, तर त्यांना घालायला म्हणून त्यानं शिवून घेतली."

"आणि ही मुलगी?"

"मुलगी का मालूम नहीं. पण एक माणूस पोरींना घेऊन यायचा. कधी एक, कधी दोघी. पांढरा शर्ट. मला वाटलं शाळेचा मास्तर असेल." मग फोटो परत देत म्हणाले, "त्याच्या गळ्यात दोरीला एक तावीज होता. मी मनात म्हटलं, हा आपल्यातला तर दिसत नाही, मग तावीज कशाला? एकदा पाहिलं तर त्यानं तो काढून स्टुडिओवाल्याला दिला, आणि स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरच्या पेटीत खुपसला. तब समझा, वो तावीज नहीं था."

पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून फिरायची तेव्हा फॅशनच होती. चाचांनी ती बरोबर टिपली होती.

स्टुडिओ शेजारीच. आत छोटे काउंटर, फोन, मागे निळा पडदा, कोपऱ्यात संगणक आणि रंगीत फोटो छापायचा प्रिंटर. मालक तिशी ओलांडलेला, नीटनेटका, बोलायला फार गोड. मी ओळख दिली तशी त्याने खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला. फोटो पाहून म्हणाला, "माझ्याकडचाच आहे साहेब, पडदा माझाच. पण रोज किती लोक येतात. कोण कोणाबरोबर आलं, कसं लक्षात राहणार?"

आधी हवालदाराला नाही म्हणाला होता. मी ते बोललो नाही.

"तो माणूस फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन जायचा म्हणे."

तो हसला. घाईत नाही, अगदी सावकाश. "कोणी सांगितलं? चाचांनी? साहेब, त्यांचं-माझं छपरावरून भांडण चालू आहे, सगळ्या बाजाराला माहीत आहे. दुसरं म्हणजे माझ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह चालतच नाही. वर्ष होऊन गेलं. मी गिऱ्हाइकाला सीडी करून देतो. बघा तुम्हीच."

त्याने ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढला आणि खाचेत लावला. आम्ही संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिलो. काही झाले नाही. त्याने काढून दुसऱ्या खाचेत लावला. तरीही काही नाही. काउंटरवर सीड्यांची चळत होतीच.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, चाचांचं वय झालंय. आणि भांडण तर खरंच आहे, मी विचारलं."

मला ते पटत होते आणि पटतही नव्हते. ज्याचा संगणक खरोखर बिघडला आहे तो माणूस वैतागलेला असतो. दुरुस्तीवाल्याला शिव्या देतो, किती खर्च सांगितला ते ऐकवतो. घरी आम्ही असेच करायचो. या माणसाला त्या बिघाडाचा राग नव्हता. तो बिघाड त्याने मला कौतुकाने दाखवला.

मी वरिष्ठांना फोन लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते. संगणक जप्त करा, सील करा, प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल येईपर्यंत थांबा. नियमाने हेच बरोबर होते. पण प्रयोगशाळेत तेव्हा सगळ्या राज्यातून संगणक येऊन पडायचे आणि अहवालाला किती महिने लागतील हे कोणी सांगत नसे. दिवस आहे की रात्र हे ज्या मुलीला कळत नव्हते, तिला इतके महिने थांबा म्हणून कोण सांगणार होते?

"सर, आधी पंचांसमोर उघडून बघतो, मग सील करतो."

"पुरावा बिघडला तर उत्तर तुम्ही द्यायचं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नाही म्हणाले नव्हते, एवढे मला पुरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टुडिओत पोचलो. पंच म्हणून एक किराणा व्यापारी आणि एक शाळामास्तर घेतले. जिल्ह्याच्या मुख्यालयात संगणक कक्षात एक तरुण फौजदार होता, संगणकाचे रीतसर शिक्षण घेतलेला. त्याला प्रत्यक्ष यायला सवड नव्हती, म्हणून काउंटरवरच्या फोनवरून तो सांगणार आणि मी करणार असे ठरले. रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी खुर्चीवर बसलो. मालक बाजूला हाताची घडी घालून उभा.

"सर, सगळ्यात आधी पेनड्राइव्ह तपासा," फौजदार म्हणाला. "दोष त्याच्यातच असेल तर मशीनला नावं ठेवून काय उपयोग?"

तोच पेनड्राइव्ह जव्हारच्या ठाण्यातल्या संगणकात लावून बघायला हवालदारांना पाठवले. तिथे तो लगेच उघडला. म्हणजे पेनड्राइव्ह चांगला होता.

मग संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुढच्या खाचा, मागच्या खाचा, सगळीकडे लावला. पेनड्राइव्हच्या टोकाचा बारीक दिवा लागत होता, पण पडद्यावर काही उमटत नव्हते.

"दिवा लागतोय? म्हणजे वीज पोचतेय, खाच मेलेली नाही. आता त्याच खाचेत दुसरी काही वस्तू लावा. माउस, प्रिंटर, काहीही."

तेव्हा माझे लक्ष प्रिंटरकडे गेले. त्याची तार तशाच एका खाचेत मागे लावलेली होती आणि प्रिंटर रोज चालत होता. मी ती तार काढून, पेनड्राइव्ह जिथे दिसत नव्हता त्या खाचेत लावली आणि मालकाला म्हटले, "एक फोटो छापा."

त्याने हाताची घडी सोडली. "कोणता?"

"कोणताही."

फोटो छापून बाहेर आला. कोणाच्या तरी बारशातले बाळ होते. तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षांत भारनियमन असे होते की कधी जाईल हे ठरलेले आणि कधी येईल हे देवालाही माहीत नाही. आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो. पंखा बंद, वर पत्रा तापलेला. मी फौजदाराला नंतर फोन करतो म्हणालो. मालकाने पुन्हा चहा विचारला. कोणी घेतला नाही. मास्तर वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते. ते मला म्हणाले, "साहेब, खाच चांगली, पेनड्राइव्हही चांगला. मग दोघांचं जुळत का नाही?"

"तेच बघायचंय, गुरुजी."

"पण मला समजल्याशिवाय मी सही करणार नाही हां. आधीच सांगून ठेवतो."

पंच असे बोलला की पोलिसाला राग येतो. मलाही आला. पण बसून होतोच, म्हणून त्यांना आतापर्यंतचे सगळे समजावून सांगितले. सांगता सांगता मलाही ते नीट कळले.

दुपार टळल्यावर वीज आली. फौजदाराने मला संगणकाच्या पोटात शिरायला लावले, जिथे त्याच्या सगळ्या नोंदी असतात. एकेक अक्षर सांगून तो मला एका ओळीपाशी घेऊन गेला.

"तिथे एक आकडा असेल. कोणता आहे?"

"चार."

"परत बघा."

"चारच आहे."

"सर, तिथे तीन असतो. चार केला की संगणक पेनड्राइव्हसारखी कोणतीही वस्तू घेत नाही. प्रिंटर चालतो, माउस चालतो, फक्त ज्याच्यात काही साठवून नेता येतं ते चालत नाही. ऑफिसांमधून चोरी होऊ नये म्हणून असं करतात. हे आपोआप होत नाही, सर. हे कोणीतरी बसून केलंय."

मी मालकाकडे पाहिले नाही. फौजदाराने मग आणखी एका ठिकाणी नेले. त्या संगणकाला कोणती वस्तू पहिल्यांदा केव्हा लावली, हे तिथे लिहिलेले असते. त्यात पेनड्राइव्ह होते, एक नव्हे, बरेच. शेवटचा त्याच होळीनंतरचा.

"वर्ष होऊन गेलं म्हणाला होतात," मी म्हणालो.

त्याने पुन्हा हाताची घडी घातली.

फौजदार फोनवर म्हणाला, "सर, आता इथेच थांबा. पंचनामा करा आणि सील करा. चारचा तीन केलात तर पेनड्राइव्ह दिसेल, पण मग बदल तुमच्या हातचा होईल. कोर्टात विचारतील."

त्याचे बरोबर होते. मी रिसीव्हर काउंटरवर ठेवला. मालकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो अजून सावरलेला होता. कोणीतरी आधी संगणक वापरला असेल, दुरुस्तीवाल्याने केले असेल, अशी उत्तरे त्याच्या डोळ्यांत तयार होत होती. ती तयार झाली असती तर तो वकिलाकडे गेला असता, आणि ती मुलगी जिथे होती तिथेच राहिली असती.

मी मास्तरांना जवळ बोलावले. "हा चार बघा, गुरुजी." त्यांनी वाकून पाहिला. व्यापाऱ्यानेही पाहिला. पंचनाम्यात तसे लिहून घेतले. मग मी चार पुसून तीन केला आणि पेनड्राइव्ह लावला.

लगेच टुण् असा आवाज आला आणि पडद्यावर पेनड्राइव्हची चौकट उघडली.

मालक खाली बसला. स्टुलावर नव्हे, जमिनीवर, निळ्या पडद्याला पाठ लावून. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, मी फक्त फोटो दिले."

चौकशी म्हणजे मारझोड असा लोकांचा समज असतो. माणूस बोलायला लागतो तेव्हा त्याला मध्ये न तोडणे, हीच खरी चौकशी. मी त्याला पाणी दिले आणि गप्प बसलो. तो आपोआप सांगत गेला. पांढऱ्या शर्टाचा तो माणूस एजंट होता, शहरातल्या घरांना कामाच्या मुली पुरवायचा. आधी फोटो दाखवायचा, घरमालकिणी फोटोवरून मुलगी पसंत करायच्या. मुली नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून ती ओढणी. आमचा हवालदार पहिल्यांदा फोटो घेऊन आला त्याच दिवशी याने एजंटला फोन केला होता. एजंटने बजावले, कोणी विचारले तर माझा पेनड्राइव्ह तुझ्याकडे कधी आलाच नाही असे सांग. मग याने, संगणकाचा कोर्स केलेला असल्याने, चौकशीला कोणी आलेच तर दाखवायला म्हणून तो आकडा बदलला.

"तुला माहीत होतं त्या पोरींचं काय होतं?"

"काम मिळतं, असं तो म्हणायचा. मी जास्त विचारलं नाही."

हे वाक्य मी नोकरीत फार वेळा ऐकले आहे. मी जास्त विचारलं नाही.

त्याच्याकडून आमच्यासमोर एजंटला फोन करवला. नव्या फोटोंसाठी बाजाराच्या दिवशी या, असा निरोप. त्याचा आवाज थरथरत होता. पलीकडच्याने कारण विचारले तर म्हणाला, "उन्हानं घसा बसलाय."

बाजाराच्या दिवशी तो आला. पांढरा शर्ट, हातात बिस्किटांचे पुडे. गळ्यातली दोरी शर्टाच्या आत. आम्ही त्याला चाचांच्या दुकानापुढे धरला. त्याने आरडाओरडा केला नाही. पेनड्राइव्ह रिकामा आहे म्हणाला. जव्हारच्या ठाण्यात पंचांसमोर तो उघडला. आत फोटो होते. मुलीच मुली, निळा पडदा, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर तीच हिरवी ओढणी. आमचे हवालदार चार मुलींचे बाप होते. ते उठून व्हरांड्यात गेले.

एजंट पोलीस कोठडीत दोन दिवस काही बोलेना. एकदाच मला म्हणाला, "साहेब, मी त्यांना काम देतो. तुम्ही काय देता?"

मी त्याला गप्प बस म्हणालो. तिसऱ्या दिवशी, स्टुडिओवाल्याचा जबाब वाचून दाखवल्यावर, त्याने पत्ता दिला.

एका उपनगरातली उंच इमारत होती. महिला शिपाई बरोबर घेऊन आम्ही भर दुपारी पोचलो. दाराला बाहेरून कुलूप. घरमालकीण नोकरीवर होती, तिला बोलावून घेतले. शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची बाई. कुलूप काढता काढता ती रागाने म्हणाली,

"अहो, आमच्या घरातल्यासारखी आहे ती. टीव्ही बघू देतो आम्ही तिला."

"मग कुलूप कशाला, बाई?"

"तिच्याच सुरक्षिततेसाठी. बाहेरचा जमाना कसा आहे, तुम्ही पोलीस, तुम्हाला मी काय सांगू?"

तिला खरोखरच तसे वाटत होते, असे मला आजही वाटते.

मुलगी स्वयंपाकघरात होती. खिडकीला काळा कागद लावलेला, उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून. दिवा दिवसरात्र चालू. ती फोटोपेक्षा बारीक झाली होती. महिला शिपाई तिला म्हणाली, "चल बाळा, तुझ्या बहिणीकडे जायचंय." तिने आमच्याकडे पाहिले, मग मालकिणीकडे पाहिले आणि विचारले, "ताई, गॅस बंद करू का? भात ठेवलाय."

पुढे कुठेही गेलो तरी ते वाक्य माझ्या कानातून गेले नाही.

आमच्या ठाण्यात बहीण वाट बघत होती. दोघी रडतील, गळ्यात पडतील, असे आम्हाला वाटले होते. तसे काही झाले नाही. थोरलीने धाकटीचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. साबणाने आणि गरम पाण्याने बोटे फुटलेली होती. मग मूल तिच्या कडेवर दिले आणि म्हणाली, "चल. गाडी सुटंल."

खटला फार वर्षे चालला. प्रयोगशाळेच्या अहवालात खरे तेच लिहिले होते. तो आकडा शेवटचा बदलला गेला तो दिवस पोलीस स्टुडिओत हजर असतानाचा होता. आरोपीच्या वकिलांनी मला विचारले, "आपण संगणकाचं शिक्षण कुठे घेतलं?"

"घेतलेलं नाही."

"तरी आपण हात लावलात?"

"लावला."

शाळामास्तर साक्षीला आले आणि ठामपणे म्हणाले की आधी चार होता, मी स्वतः पाहिला, समजून घेतल्यावरच सही केली. व्यापारी पंचाला काहीच आठवले नाही. न्यायालयाने स्टुडिओवाल्याला संशयाचा फायदा दिला. एजंटला शिक्षा झाली, मुलीच्या जबाबावर आणि त्याच्याच पेनड्राइव्हवर. ज्यांचे फोटो मिळाले त्यातल्या काही मुली आम्ही परत आणल्या, काही आपणहून आल्या होत्या. काहींचे फोटो घेऊन आम्ही जामसरपासून वरच्या पाड्यांपर्यंत हिंडलो. कोणी ओळखले नाही.

स्टुडिओवाला सुटल्यावर मला एकदा एसटी स्टँडवर भेटला. नमस्कार केला. मीही केला. काय करणार?

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कोणी "हे चालत नाही" म्हणाले की ते का चालत नाही हे विचारण्याआधी, केव्हापासून चालत नाही आणि न चालण्याने कोणाचे बरे चालले आहे, हे विचारावे. हे संगणकापुरते नाही. दुसरी गोष्ट मी तरुण अधिकाऱ्यांना सांगायचो आणि वरिष्ठांना ते आवडायचे नाही. गुन्हा सिद्ध करणे आणि माणूस परत आणणे ही दोन कामे एकच आहेत, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ती एक असतात. ज्या दिवशी ती वेगळी होतात, त्या दिवशी तुमच्याजवळ कोणी नसते. मी तो आकडा बदलला त्याचा मला पश्चात्ताप नाही. एक माणूस त्यामुळे सुटला, हेही मला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ आहेत.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना सूर्यमाळकडे पाण्याच्या टँकरच्या बंदोबस्ताला गेलो होतो. एक बाई हंडा भरून माझ्यासमोर येऊन थांबली. मी ओळखले नाही. तिने ओळखले.

"साहेब, ती दुसरी पोर घावली का?"

"कोणती?"

"काम लागंपर्यंत एजंटाच्या खोलीत ठेवलं व्हतं, तिथं माझ्याबरोबर होती ती. लिफ्टला भ्यायची. मला घट्ट धरायची."

मग ओळखले, स्वयंपाकघरातून आणलेली तीच मुलगी. तिच्या जबाबात अशा एका मुलीचा उल्लेख होता, पण नाव नव्हते. तिथे सगळ्यांची नावे बदलत.

"नाही सापडली," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. हंड्यातले पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होते. "तिची बोली आमच्यातली नव्हती. घाटापल्याडची असंल. तिनं मला खरं नाव सांगितलं होतं साहेब. मी नाय म्हनलं, मला नको सांगू, मार पडंल. म्हनून मी ऐकलंच नाय. कानावर हात ठेवलं."

मागच्या बायका ओरडू लागल्या तशी ती निघाली. मी ठाण्यात येऊन तेवढीच नवी माहिती लिहिली, घाटापलीकडची असावी, लिफ्टला घाबरते, आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांना ओळख न पटलेल्या मुलींच्या फोटोंसह पाठवून दिली. उत्तर येण्याआधी माझी निवृत्ती आली.